टाळी कोणत्या हिंसेला?

(सदर, नागपूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी एक प्रश्नोत्तर जोडले आहे.)



गेल्या महिन्यात आपण इथेच, याच पडद्यावर, क्वेंटिन टॅरँटिनो यांचा 'जँगो अनचेन्ड' पाहिला. २०१२ सालचा चित्रपट. नंतर अर्ध्या तासाची चर्चा ठेवली होती, ती दोन तास चालली आणि चौकीदाराने दिवे घालवायला सुरुवात केली म्हणून थांबली. तेव्हा आयोजक म्हणाले, सर, यावर स्वतंत्र व्याख्यानच द्या. म्हणून आज उभे आहोत.

त्या दिवशी सभागृहाचे सरळ तीन भाग पडले होते. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, गुलामगिरी वाईट होती हे मान्य, पण इतके रक्त कशाला? सूड म्हणजे न्याय नव्हे. कायद्याचे शिक्षण घेणारी एक मुलगी म्हणाली, मला शेवटी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, मी वाजवल्या, आणि मला त्याची लाज वाटत नाही. आणि मागच्या रांगेतून उत्तर नागपूरच्या एक बाई म्हणाल्या, "सर, त्या पिंजऱ्यातल्या बाकीच्या लोकांचं काय झालं? त्यांच्याबद्दल तर कोणीच बोलून नाही राहिलं."

पहिल्या दोघांचे भांडण जोरात झाले. बाईंचा प्रश्न तसाच राहिला. आम्हाला मात्र तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पण त्याच्यापर्यंत पोचायचे तर आधीचे भांडण नीट समजून घ्यावे लागेल.

हे नाते जुने आहे

आता कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या गुलामांचा सिनेमा, त्यात घोडे आणि पिस्तुले. आपण नागपूरकरांनी तो इतका मनावर का घ्यावा? तर बघा. अमेरिकेत घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली १८६५ साली. त्यानंतर आठच वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. तार आणि आगबोटींच्या त्या काळात पुण्यातला एक माणूस मिसिसिपीतल्या माणसाशी नाते जोडतो. पुढे बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली, आणि काही बाबतींत अस्पृश्यता अधिक वाईट कशी हे दाखवले. गुलाम ही मालकाची मालमत्ता असते, म्हणून तो जगावा एवढा तरी मालकाचा स्वार्थ असतो. अस्पृश्याच्या जगण्यामरण्याची जबाबदारी कोणावरच नसते. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉईस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावही ब्लॅक पँथरवरून आले.

तेव्हा मराठी माणूस हा चित्रपट परक्याची गोष्ट म्हणून पाहूच शकत नाही. आपण कुठे बसून पाहतो, एवढाच प्रश्न आहे.

दोन हिंसा, दोन कॅमेरे

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. साल १८५८. डॉक्टर किंग शुल्ट्झ हा जर्मन माणूस पूर्वी दातांचा डॉक्टर होता, आता फरारी गुन्हेगार मारून बक्षीस मिळवतो. तो जँगो नावाच्या गुलामाला सोडवतो, बंदूक शिकवतो, आणि दोघे मिळून जँगोची बायको ब्रूमहिल्डा हिला कॅल्विन कँडी नावाच्या मळेवाल्याच्या तावडीतून सोडवायला जातात. शेवटी कँडीचा वाडा सुरुंगाने उडतो आणि नवराबायको घोड्यावरून निघून जातात.

या चित्रपटाला उत्कृष्ट मूळ पटकथेचे आणि शुल्ट्झ झालेल्या क्रिस्टोफ वॉल्ट्झ यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. पण भांडणही तेवढेच झाले. स्पाइक ली या मोठ्या काळ्या दिग्दर्शकाने जाहीर सांगितले की आपण हा चित्रपट पाहणारच नाही. त्यांचा मुद्दा असा की आपल्या पूर्वजांनी जे भोगले ते म्हणजे करमणुकीचा वेस्टर्न नव्हे. काळ्या लोकांसाठीची शिवी चित्रपटात शंभराहून अधिक वेळा येते, त्यावरही वाद झाला. उलट बाजूला अनेक काळ्या प्रेक्षकांनी तो मनापासून डोक्यावर घेतला, कारण गुलामांच्या गोष्टीत गुलामानेच बंदूक उचललेली त्यांना सहसा पाहायला मिळत नाही.

आता चित्रपटाच्या आत बघू. त्यात हिंसा दोन प्रकारची आहे. एक भोगलेली, दुसरी परत केलेली. आणि दिग्दर्शक दोन्हींसाठी एकच कॅमेरा वापरत नाही. पळून जाऊ पाहणाऱ्या दार्तान्यां नावाच्या गुलामावर कुत्रे सोडतात, तेव्हा पडद्यावर फार थोडे दिसते. आवाज येतो, पाहणाऱ्यांचे चेहरे दिसतात, शुल्ट्झचा उतरलेला चेहरा दिसतो. तिथे सभागृहात कोणी हालत नाही. पण जँगो कँडीच्या वाड्यात गोळ्या झाडतो तेव्हा रक्ताच्या चिळकांड्या उडतात, भिंती रंगतात, आणि ते इतके अतिशयोक्त असते की हसू येते. पहिली हिंसा अंगावर येते, दुसरी दिवाळीच्या फटाक्यांसारखी वाजते.

आमच्या बँकवाल्या मित्रांना खटकले ते रक्त दुसऱ्या हिंसेचे. आम्ही त्या दिवशी मुद्दाम विचारले, तुम्हाला चित्रपटात हिंसा सुरू झाल्यासारखी नेमकी कुठे वाटली? ते म्हणाले, गोळीबार सुरू झाला तिथे. म्हणजे साखळ्या, चाबकाचे वळ, उन्हात लोखंडी पेटीत कोंडलेली ब्रूमहिल्डा, कुत्रे, हे सगळे त्यांच्या हिशेबात 'पार्श्वभूमी'त गेले. ही त्यांची एकट्याची सवय नाही. जुन्या, बसलेल्या हिंसेला आपण 'परिस्थिती' म्हणतो आणि तिला दिलेल्या उत्तराला 'हिंसा' म्हणतो. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. एका कुटुंबातले चौघे मारले गेले. पुढे विदर्भात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा आपल्या बैठकीच्या खोल्यांत चर्चा कशाची होती आठवा. आंदोलकांच्या दगडांची. त्या खटल्यात ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही, यावर मात्र त्याच खोल्यांत फारसा कोणाचा आवाज चढला नाही.

म्हणजे प्रेक्षक दुभंगतात ते हिंसा किती यावरून नव्हे. हिशेब कुठल्या पानापासून मोजायचा, यावरून दुभंगतात.

कागदाची गोष्ट

बँकवाल्या मित्रांचा दुसरा मुद्दा होता कायद्याचा. तो हलका नाही. पण चित्रपटात कायदा कुठे आहे ते पाहिले पाहिजे. शुल्ट्झ ज्याला ज्याला मारतो, त्याच्या नावाचा कागद त्याच्या खिशात असतो. एका प्रसंगात जँगोला एका माणसावर गोळी झाडायची आहे, आणि तो माणूस शेतात नांगर धरून आहे, जवळ त्याचा मुलगा आहे. जँगो थबकतो. शुल्ट्झ त्याला कागद वाचायला लावतो. वाचून झाल्यावर गोळी सुटते. ही हत्या पूर्ण कायदेशीर. ब्रूमहिल्डाची खरेदीविक्री होते तीही कागदावर. जँगो स्वतंत्र झाला तोही कागदानेच. ज्याने माणूस विकता येतो, ज्याने माणूस मारता येतो आणि ज्याने माणूस सुटतो, तो कागद एकाच कचेरीतून येतो.

आणि शुल्ट्झचा शेवट बघा. ब्रूमहिल्डाच्या सुटकेचा व्यवहार पुरा झाला आहे, कागद हातात आहे. निघून जायचे एवढेच उरले आहे. कँडी म्हणतो, माझ्याशी हात मिळवा. आणि हा कागदांवर जगलेला माणूस तेवढे करू शकत नाही. डोळ्यांपुढून ते कुत्रे जात नाहीत. तो गोळी झाडतो, स्वतःही मरतो. आमच्या मते चित्रपटातली सर्वांत खरी गोळी हीच. कारण तिथे प्रेक्षकाला मजा येत नाही. एका सुसंस्कृत माणसाला उमगते की आपण ज्या कायद्याच्या आधाराने चाललो तोच कायदा त्या कुत्र्यांचाही आधार आहे.

'सूड म्हणजे न्याय नव्हे' हे वाक्य खरे आहे. पण ते कोणत्या ठिकाणी उभे राहून म्हणता येते? न्याय मागायला दार आहे तिथे. दारच नसेल तर त्या वाक्याचा अर्थ 'गप्प बसा' एवढाच उरतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितले की आता रक्तरंजित क्रांतीचे मार्ग सोडले पाहिजेत, सत्याग्रहसुद्धा; पण ते सांगताना त्यांनी कारण दिले होते. सनदशीर मार्ग आता उघडे झाले आहेत म्हणून. उपदेशामागची ही अट आपण नेहमी गाळतो.

ठाकूरचा सूड

टाळी वाजवणाऱ्या मुलीकडे वळण्याआधी एक जुना हिशेब पाहू. आमच्या पिढीने सदरच्या थिएटरांत बसून घोडे आणि पिस्तुलांचे सिनेमे पाहिले आणि मग १९७५ साली आपला स्वतःचा वेस्टर्न आला, 'शोले'. त्याच्या शेवटाची हकिगत पुष्कळांना ठाऊक असेल. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला तुडवून मारतो. आणीबाणीचे दिवस. सेन्सॉरने तो शेवट बदलायला लावला. एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला दाखवायचा नाही म्हणून. मग पोलीस येतात आणि ठाकूर थांबतो.

सरकारला आक्षेप होता, पण प्रेक्षकाला होता का? आम्ही इतकी वर्षे 'शोले'वर गप्पा ऐकतो आहोत. ठाकूरला सूड घ्यायचा अधिकार आहे का, असा प्रश्न विचारणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. जमीनजुमला असलेला, वर्दी घातलेला, गाव ज्याला मानते असा माणूस सूड मागतो तेव्हा तो आपल्याला वीररस वाटतो. तीच मागणी साखळीतला माणूस करतो तेव्हा आपल्याला एकदम कायदा, अहिंसा आणि समाजस्वास्थ्य आठवते. इथे ती मुलगी बरोबर होती. तिने टाळी वाजवून एवढेच म्हटले की ठाकूरला दिलेले जँगोलाही द्या.

मग आम्हीही टाळी वाजवून मोकळे का होत नाही? कारण टाळी फुकट मिळते. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेसंदर्भात विरेचनाची कल्पना मांडली. मनात तुंबलेली भीती आणि करुणा वाहून जाते, मन हलके होते. वैद्यकातला शब्द आहे, आणि धोकाही तिथेच आहे. वाडा उडाला, खलनायक मेले, आपण हलके झालो, बाहेर येऊन चहा प्यालो. ज्याचे देणे होते ते फिटले असे वाटते, पण पडद्यावर फिटलेले देणे बाहेर तसेच असते.

आणि बाईंचा प्रश्न इथे येतो. जँगोला खाणीवर नेत असतात तेव्हा पिंजऱ्याच्या गाडीत त्याच्यासोबत आणखी गुलाम आहेत. जँगो पहारेकऱ्यांना फसवतो, मारतो, घोडा घेतो आणि जातो. पिंजऱ्याचे दार उघडे आहे. ते आत बसून त्याच्याकडे पाहत राहतात. एकाच्या ओठांवर हसू येते. कॅमेरा जँगोबरोबर निघून जातो. चित्रपटाच्या आरंभी साखळीतल्या इतर गुलामांना क्षणभर स्वतःचा निर्णय घ्यायला मिळतो, पण मग तेही गोष्टीतून नाहीसे होतात. या चित्रपटाच्या मते मुक्ती दहा हजारांतल्या एकालाच साधते. उरलेले प्रेक्षक. म्हणजे ते आणि आपण एकाच बाकावर! ब्रूमहिल्डाचेही तेच. सगळी गोष्ट तिच्यासाठी घडते आणि तिला करायला जवळपास काही नाही.

दगड आणि शांतता

आता आपल्याकडे येऊ. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त, हा आपल्याकडे फेब्रुवारी २०१४ मध्ये लागला, शेवटी एक दगड येतो. कैकाडी समाजातला जब्या, त्याचे कुटुंब गावासाठी डुकरे पकडते आहे, शाळेतली मुले कुंपणावरून पाहून खिदळताहेत, त्यांत त्याला आवडणारी शालूही आहे. मेलेले डुक्कर काठीला बांधून ते नेतात, मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेले. आणि शेवटी चिडलेला जब्या दगड भिरकावतो. कोणावर? सरळ कॅमेऱ्यावर. पडदा काळा.

श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मध्येही, १९७४ मध्ये, शेवटी एक मुलगा दगड मारतो, पण तो जमीनदाराच्या खिडकीवर. तो पाहताना आपण मुलाच्या बाजूला उभे असतो. चाळीस वर्षांत दगडाची दिशा बदलली. 'फँड्री'त आपण खिडकीच्या जागी आहोत. म्हणूनच त्या दगडावर प्रतिक्रिया दुभंगल्या. आम्हाला ठाऊक आहेत असे लोक, ज्यांना चित्रपट 'फार सुंदर, पण शेवट जरा आक्रस्ताळी' वाटला. अहो, तासभर आपण त्या कुंपणावरच्या मुलांच्या शेजारी बसून एका कुटुंबाची फजिती पाहिली. दगड यायचाच होता.

मग २०१६ चा 'सैराट'. तो थिएटरात पाहिलेल्यांना आठवत असेल, 'झिंगाट' लागले की लोक खुर्च्या सोडून नाचत होते. तोच प्रेक्षक शेवटी काय करत होता? आर्ची आणि परश्या यांचे गळे चिरले गेले आहेत, ते आपण पाहिलेले नाही. लहान मूल रक्तात पाय भरून चालत बाहेर येते. आवाज पूर्ण बंद. हे चित्रपटगृह इतके शांत असू शकते हे आम्हाला त्या दिवशी कळले. इथे परत केलेली हिंसा नाहीच. फक्त भोगलेली आहे, आणि तिच्यावर संगीताचाही आधार ठेवलेला नाही. काहींना वाटले, चित्रपटाने मुलींना बिघडवले. काहींना वाटले, एका जातीला बदनाम केले. काहींना वाटले, मारेकऱ्यांना शिक्षा झालेली का नाही दाखवली? शेवटचा आक्षेप आम्हाला फार बोलका वाटतो. प्रेक्षकाला शिक्षा पाहायची होती, कारण त्याला हलके होऊन घरी जायचे होते. दिग्दर्शकाने ती सोय केली नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात मृत्यू आणि युद्ध रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवू नये असा संकेत आहे. आपण त्याचा अर्थ नाजूकपणा असा लावतो. पण 'सैराट' पाहिल्यावर आम्हाला वाटते, न दाखवलेला मृत्यू अधिक काळ बरोबर राहतो. दाखवलेला मृत्यू पडद्यावर संपतो.

कस्तुरबानगर

आता जे सांगायचे आहे ते सिनेमातले नाही, आणि ते इथून फार दूरही घडलेले नाही. १३ ऑगस्ट २००४. नागपूरचे जिल्हा न्यायालय. अक्कू यादव या गुंडाला तिथे हजर करण्यासाठी आणले होते. उत्तर नागपुरातल्या कस्तुरबानगरात, बहुसंख्य दलितांच्या त्या वस्तीत, त्याने वर्षानुवर्षे खंडणी, खून आणि बलात्कार यांची दहशत बसवली होती. अटक होई, जामीन मिळे, तो परत येई. त्या दिवशी सुमारे २०० बाया न्यायालयात शिरल्या. तिखटाची पूड, दगड, घरातल्या सुऱ्या. न्यायालयाच्या खोलीतच त्याला मारले. काही बायांना अटक झाली, तेव्हा बाकीच्या म्हणाल्या, आम्हाला सगळ्यांना पकडा, आम्ही सगळ्यांनी मारले. खटला दहा वर्षे चालला आणि २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले.

मंडळी, हे वर्णन करताना आमचा आवाज चढवायची आमची इच्छा नाही. एक माणूस जिवानिशी गेला, तोही न्यायाच्या खोलीत. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांनी सूडाचा नव्हे तर धम्माचा रस्ता घेतला, त्या शहराला वैराने काय साधते आणि काय नाही हे आम्ही शिकवायला नको. तरी एक गोष्ट बघा. इथे जँगो नव्हता. घोडा नव्हता, जर्मन डॉक्टर नव्हता, दहा हजारांतला एक नव्हता. पिंजऱ्यातलीच माणसे बाहेर आली आणि 'मी' ऐवजी 'आम्ही' म्हणाली. त्या बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचे हे एक भयंकर उत्तर आहे, आणि बाई त्याच भागातून येतात हा योगायोग नसावा.

या घटनेवर आधारलेला '२०० हल्ला हो' हा चित्रपट २०२१ मध्ये आला, सार्थक दासगुप्ता यांचा. अमोल पालेकर त्यात विठ्ठल डांगळे नावाचे निवृत्त न्यायाधीश आहेत, स्वतः दलित, पण जातीच्या नजरेने पाहायचे नाही असे मानणारे. आपली आर्ची, म्हणजे रिंकू राजगुरू, त्यात वस्तीतली शिकलेली मुलगी आहे. चित्रपटाचा हेतू चांगला आहे आणि पालेकरांचा संयमही. डांगळे यांना आपण आजवर कशाकडे पाहायचे टाळले हे हळूहळू उमगत जाते, तो प्रवास त्यांनी फार कमी शब्दांत केला आहे. पण चित्रपट काय करतो? २०० बायांची गोष्ट घेतो आणि तिचे शेवटचे भाषण एका विद्वान गृहस्थाच्या तोंडी देतो. 'जँगो'ने बंदूक एकाच्या हातात दिली, इथे भाषा एकाच्या हातात दिली. बाया पुन्हा बाकावर. पुढच्या वर्षी उमेश कुलकर्णी यांनी याच घटनेवर 'मर्डर इन अ कोर्टरूम' ही तीन भागांची माहितीपट-मालिका केली. तिथे निदान वस्तीतली माणसे स्वतःच्या तोंडाने बोलतात, एकमेकांना छेद देतात, आणि पाहणाऱ्याला एकच भूमिका घेऊन उठता येत नाही. समीक्षक म्हणून आम्हाला तीच जास्त प्रामाणिक वाटली.

त्या वेळी शहरात टाळ्या पुष्कळ वाजल्या. बायांनी दाखवून दिले, असेच पाहिजे, वगैरे. मग दहा वर्षे तारखा पडत राहिल्या. हातावर पोट असलेल्या बायांनी रोजी बुडवून कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतले किती जण त्या पायऱ्यांवर होते? आणि 'कायदा हातात घेतला' म्हणणाऱ्यांतले किती जण त्याआधी पोलीस ठाण्यात गेले होते, की बाबा, या वस्तीची तक्रार लिहून घ्या? दोन्ही बाजूंना आमचा प्रश्न एकच आहे. तुमची प्रतिक्रिया तुम्हाला किती रुपयांना, किती दिवसांना पडली?

म्हणून आमची कसोटी सांगतो. अशा चित्रपटात रक्त किती, हे मोजू नका. संपल्यावर तो तुमचे काम हलके करतो की तुमच्यावर काही काम टाकतो, ते पाहा. 'जँगो' आम्हाला आवडतो, त्याची शुल्ट्झची गोळी आम्ही विसरणार नाही, पण तो शेवटी आपल्याला सुट्टी देतो. 'फँड्री' आणि 'सैराट' सुट्टी देत नाहीत. त्यांच्या बाजूने आम्ही उभे आहोत.



प्रश्नोत्तर

श्रोत्यांतून प्रश्न : सर, तुम्ही इतके बोललात, पण सरळ सांगा. त्या बायांनी केले ते बरोबर की चूक?

उत्तर : सरळ विचारलेत, सरळ सांगतो. तत्त्वज्ञानात दोन प्रश्न वेगळे करतात. कृती चूक आहे का, हा एक. आणि तिला चूक म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, हा दुसरा. बिनाखटल्याचा वध चूक आहे. तो चालवून घेतला तर उद्या २०० जण कोणाच्याही दारात उभे राहतील, आणि ते २०० नेहमी दुबळेच असतील असे नाही. आपल्या देशात जमावाने मारलेल्यांची यादी बघा, त्यात दुबळेच जास्त सापडतील. म्हणून या बाबतीत आम्ही तडजोड करणार नाही.

पण चूक म्हणण्याचा अधिकार मिळवावा लागतो. ज्याने दाराशी आलेली तक्रार लिहून घेतली, जो साक्षीला उभा राहिला, ज्याने शेजारच्या वस्तीतली किंकाळी आपल्या कानांची मानली, त्याने खुशाल म्हणावे की बायांनो, हे तुम्ही चुकलात. त्याचे त्या ऐकतीलही. बाकीच्यांनी आधी पोलीस ठाण्यात जावे. ते रात्रभर उघडे असते.